शेंदराखालची खीळ

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती, ते विचारू नका. राजे अजून होते आणि त्यांच्या मोटारी म्हाताऱ्या व्हायला लागल्या होत्या, एवढं पुरे.

एका डोंगराळ राज्यात अशीच एक मोटार होती. तिची मागची बाजू पार बसली होती. साधा खड्डा आला तरी आतल्या माणसाचं डोकं छताला लागे.

त्याच राज्यात एक लोहार होता. मनगटात बळ भरपूर, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. त्याची एकुलती लेक घाटापलीकडे दिलेली. तिला आठवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण विहीणबाई सुनेला पाठवीनात. लोहाराने दोनदा गडी धाडला, दोन्ही वेळा तो हात हलवत परत आला.

राजा लोहाराला म्हणाला, "मोटारीच्या मागच्या कमानी बदल, आणि त्याच मोटारीने लेकीला घेऊन ये."

'राजाची मोटार दारात उभी राहिली की विहीण नाही कशी म्हणते तेच बघतो,' लोहार मनात म्हणाला.

धक्के झेलणाऱ्या नव्या पोलादी कमानी तयार होत्या. घोडं अडलं ते जुन्या काढताना. दर दसऱ्याला मोटारीची पूजा होई आणि तेलात कालवलेला शेंदूर बोल्टांवरसुद्धा थापला जाई. तीस दसऱ्यांचा थर! शेंदूर लावायचा मान जुन्या चालकाच्या म्हाताऱ्या बायकोचा होता. ती जवळच बसली होती.

लोहाराने डावीकडच्या बोल्टला पाना लावला. बोल्ट हलेना. पान्याच्या दांड्यात नळी घालून जोर लावला. हलेना.

"बाबा, जरा थांब," म्हातारी म्हणाली.

"आजी, तुम्ही शेंदूर लावा. लोखंडाचं मला कळतं."

मग त्याने बोल्ट तापवला आणि घण उचलला. तीन घाव घातले. चौथ्याला कडकन आवाज झाला. बोल्ट जागच्या जागी होता. ज्या कानात तो बसला होता, तो सांगाड्याचा कानच तुटला होता. कान बिडाचा. बीड तुटलं की ठोकून जोडता येत नाही, हे लोहारांच्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. त्याने घण खाली टाकला.

म्हातारी उठली. उजवीकडच्या बोल्टवरचा शेंदूर तिने विळ्याने खरवडला. आत बोल्टात आडवी ठोकलेली करंगळीएवढी खीळ होती. लोहाराने ती उपसली, आणि बोल्ट पान्याच्या पहिल्याच हिसक्याला फिरला.

"बोल्ट सैल होऊ नये म्हणून घरधन्यानं ठोकली होती," ती म्हणाली.

"मग आधी सांगायचं ना!"

"तू विचारलंस कुठे?"

मोटार तिथेच राहिली. लोहाराने खीळ कमरेला खोचली आणि तणतणत पायीच घाट ओलांडला. विहीणबाई दारातच उभ्या होत्या.

"व्याहीबुवा, सून मी पाठवणार नाही."

लोहाराचं डोकं फिरलं. आवाज चढवायला त्याने कमरेवर हात ठेवला, आणि हाताला खीळ लागली. तो थांबला. पायरीवर बसला.

"विहीणबाई, अडलंय कुठे? इतके दिवस मी विचारलंच नाही."

विहीणबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"माझी लेक याच घाटातून माहेरी येत होती. आठवाच होता. गाडी खड्ड्यात आदळली. घरी आणली ती..."

आपण पोरीला कुठल्या रस्त्याने न्यायला निघालो होतो, ते लोहाराला तेव्हा कळलं. त्याला फार लाज वाटली.

त्याने लेकीला नेलं नाही. चार दिवसांनी लोहारीणच डिंकाचे लाडू घेऊन हळूहळू घाट चढून आली आणि तिथे राहिली. नातीला पहिली आंघोळ दोघी आज्यांनी मिळून घातली.

मोटार मात्र नवा कान ओतून येईपर्यंत वर्षभर तशीच पडून होती, आणि येता-जाता राजा लोहाराला तिच्याकडे बोट दाखवायचा.

तात्पर्य : जे हलत नाही त्याला कशाने धरून ठेवलंय ते आधी विचारावं, घण काही पळून जात नाही.