तिरका घाव

एका राज्यात हैबतसेन नावाचा राजा व्हता. तलवारीला पक्का, डोस्क्यानं तापट. त्याच्या केतकी राणीला एका चेटक्यानं मागणी घातली. तिनं त्याच्या तोंडावर पायताण फेकलं. चेटक्यानं तिला दगडात कोंडली. दगड सोंगट्यांच्या फाशावाणी चौकोनी, साऱ्या बाजू सारख्या. दार न्हाई, फट न्हाई.

राजा रोज सांजच्याला दगडाला कान लावून बसायचा. आतनं आवाज यायचा, "जेवलासा का?"

"जेवलो," राजा म्हनायचा. खोटं! घास उतरतोय कुठला? राज्यातल्या चुली इझल्याल्या, दरबार बंद.

एकदा भारद्वाज पाखरू तिथं बसलं आन् बोललं, "राजा, राणी सोडवायची आन् चेटका मारायचा तर चेटक्याचं तीन दगड कापायचं. आधी त्या टेकाडावरचा खांब, मग त्याच्या शेजारचा शंकू, मग ह्यो. परत्येकावर खूण हाय. कापल्यावर आत तीच खूण दिसाय पायजे. चुकलास तर दगड मिटंल, आन् राणीचा आवाज खोल जाईल."

खांबावरची खूण लांबट गोल. राजानं सरळ आडवा घाव घातला. आत भाकरीगत गरगरीत गोल! खांब मिटला. राजा पळत राणीकडं आला. आवाज पार हिरीच्या तळातनं आल्यागत.

"तिरका मार की," पाखरू म्हनलं.

"तिरका घाव दगाबाजाचा. आमच्या घराण्यात न्हाई चालत!"

"मग घराणं कुशीत घिऊन झोप."

राजा लालबुंद झाला. पर केतकीचा आवाज आठवला, आन् मनगट वाकलं. तिरका घाव, लांबट गोल. खांब उघडला.

शंकूवर कमानीची खूण. राजानं एका बाजूचा उतार बघितला, त्याच उताराच्या कलानं दुसऱ्या बाजूनं पार बुडापातुर पातं नेलं. आत कमान. शंकू उघडला.

फाशावर मधाच्या पोळ्यातल्या घराची खूण. सहा कडा, सारख्या.

"घाव मधोमध जानार," पाखरू म्हनलं. "आन् मधोमध राणी हाय."

राजानं तलवार खाली ठेवली. त्यानं दगडाला तोंड लावलं. "केतके, कोपऱ्यात सरक. सरकलीस की ठोक."

खालच्या एका कोपऱ्यातनं टक् टक्.

राजानं त्योच कोपरा खाली धरून अख्खा दगड टोकावर उभा केला, धोंडे लावून टेकवला. मग मधोमध, जमिनीच्या सपाटीनं, घाव घातला.

वरला तुकडा घसरला. सहा कडा, सारख्या. खालच्या तुकड्यात, टोकाशी, अंग चोरून केतकी बसलेली. तिकडं चेटका व्हता तिथंच माती झाला.

उजेडानं तिचं डोळं मिटलं. हातानंच तिनं राजाचं तोंड चाचपलं. गाल बसल्यालं, दाढी वाढल्याली.

"धनी, म्हातारं झालासा की वो."

"तू न्हवतीस," राजा म्हनला.

राज्यात पुन्यांदा चुली पेटल्या, दरबार भरला. ज्याचं मानूस दगडाआड हाय, त्याच्या हाताला असंच वाकायचं बळ मिळो.