तळ्याकडची दुसरी वाट

जनावरं बोलत होती तेव्हाची गोष्ट. उन्हाळ्यात सगळी एकदमच तळ्याकडे निघत आणि रेटारेटीत उडालेल्या धुळीनं पिल्लांचा जीव घुसमटे. म्हणून म्हाताऱ्या कासवानं सावलीतली दुसरी वाट राखून ठेवली. जो पाठीवर कुणाला तरी घेईल, त्यानंच तिथून जायचं. ससे हरणांच्या पाठीवर बसले, वाटेवरचे पाय घटले, धूळ निम्मी झाली.

धिप्पाड गव्यानं मात्र पाठीवर टेकू पाहणाऱ्या साळुंकीला शेपटीनं हाकललं. "मी काय हमाल आहे?"

तो गर्दीतच अडकला. तळ्यावर पोचला तेव्हा पाणी पार गढूळ झालेलं.

"कासवआजोबा, ती वाट तर रिकामीच असते!" तो भडकला. "सोडा की सगळ्यांना!"

कासव हसलं. "वाट नाही रे बाबा, तुझी पाठ रिकामी आहे."