बिनतारी बोटाला टोपी दिसत नाही

एकदा एक वृद्ध तंत्रज्ञ आपल्या शिष्याचे काम पाहण्यास पशुखाद्याच्या कारखान्यात गेले. कारखान्याचा मालक मोठा हौशी व्यापारी. घरबसल्या फोनवर प्रत्येक यंत्र दिसावे, हा त्याचा हट्ट.

शिष्याने काम रीतसर केले होते. यंत्रांची तारांची जोडणी एकीकडे, वायफाय दुसरीकडे आणि दोहोंच्या मध्ये एक प्रोग्रॅमेबल कंट्रोलर. तो यंत्रांचे आकडे बाहेर पाठवी. बाहेरचा हुकूम मात्र आत येऊ देत नसे. पण मालकाची मागणी रोज वाढे आणि प्रत्येक नव्या आकड्यासाठी कंट्रोलरचा प्रोग्रॅम बदलावा लागे. शिष्य कंटाळला. अकरा दिवसांपूर्वी त्याने हातभर केबल घेतली आणि वायफायची डबी थेट यंत्रांच्या जोडणीला जोडून टाकली. सारे काही झटकन दिसू लागले, मालक खूश झाला. शिकलेसवरलेले शहाणपण सोयीपुढे किती लवकर मान टाकते!

वृद्धांनी पॅनेलचे दार उघडले, केबल पाहिली आणि पक्कडीने तिचे दोन तुकडे केले.

"अहो, हे काय केलंत?" मालक ओरडला. "चालू काम बंद पाडायला बोलावलं का तुम्हाला?"

शिष्य ओशाळला. "सर, नुसती काढून ठेवायची होती. तोडलीत कशाला?"

"काढून ठेवलेली पुन्हा लावता येते," वृद्ध म्हणाले. "मी लावली होती. पंधरा वर्षांपूर्वी, अशाच कारखान्यात. तिथं हणमंत काळगे म्हणून कामगार होता. खाद्य कालवायचा मोठा मिक्सर धुवायला आत उतरण्याआधी तो आपली टोपी चालू करायच्या बटणावर टांगायचा. मुख्य स्विच बंद करायचा नियम होता, पण सगळ्यांचा भरवसा त्या टोपीवर. ती दिसली की कुणी बटणाला हात लावत नसे. त्या दिवशी ऑफिसातून कुणीतरी लॅपटॉपवरून मिक्सर सुरू केला. टोपी जागेवरच होती. बिनतारी बोटाला ती दिसली नाही. हणमंतचा उजवा हात गेला. मधला कंट्रोलर नुसते आकडे दाखवायला नसतो रे. ज्याला टोपी दिसत नाही, त्याचा हुकूम आत जाऊ नये म्हणून तो असतो."

शिष्याने हळूच विचारले, "हणमंतांनी तुम्हाला माफ केलं?"

"केबल माझी होती, हे मी त्याला सांगितलंच नाही. सगळे म्हणाले, यंत्र बिघडलं. मीही मान डोलावली. दर दिवाळीला तो घरी यायचा, डाव्या हातानं माझ्या पाया पडायचा. गेल्या साली वारला. आता कुणाला सांगू?"

शिष्य मिक्सरपाशी गेला. तिथला वयस्कर कामगार भाकरी खात बसला होता. शिष्य त्याच्यासमोर जमिनीवर बसला.

"काका, गेले अकरा दिवस तुम्ही आत उतरत होता, तेव्हा हा मिक्सर बाहेरून फोनवरनं सुरू होऊ शकला असता. ती चूक माझी."

कामगाराचा घास हातातच राहिला. त्याने एकदा मिक्सरच्या तोंडाकडे पाहिले.

"दुसऱ्या पाळीच्या माणसांना सांगितलंत का?"

"नाही," शिष्य म्हणाला आणि उठला.