खुंटीवरची काठी

फार फार पूर्वीची, नद्यांवर अजून पूल बांधले नव्हते तेव्हाची ही गोष्ट. मुलांनो, तुम्ही ऐका, आणि मुलांना मांडीवर घेऊन बसलेल्यांनो, तुम्हीही ऐका.

एका राज्यात दरबारात ज्याचा आवाज मोठा तोच जिंकायचा. गरिबाने तोंड उघडायच्या आधीच निकाल लागलेला असायचा. राजाला ते बघवेना. त्याने मुखत्यार नेमले. मुखत्यार म्हणजे दुसऱ्याची बाजू दरबारात मांडणारा माणूस. बोलायचं ते मुखत्यारानेच, बाकी कोणी नाही. आणि मुखत्यार नीट वागतात की नाही हे बघायला जुन्या, जाणत्या मुखत्यारांची एक सभा बसवली.

प्रत्येक मुखत्याराकडे एक काठी असे. ज्याची बाजू घ्यायची, त्याच्या पदराचा नाहीतर धोतराचा एक दोरा तो काठीला बांधून घेई. तो दोरा त्या मुखत्याराने स्वतःच्या हाताने सोडेपर्यंत दुसऱ्या मुखत्याराने त्या कामात पडायचं नाही. आपसात ओढाताण नको म्हणून हा नियम. नियम चांगलाच होता.

त्या राज्यात एक बुरडीण होती. बांबूच्या टोपल्या विणून पोट भरायची. नवरा तापाने गेलेला, पदरात एवढीशी मुलगी, सोनकी. एक दिवस घाटापलीकडचा थोरला दीर आला. त्याला मूलबाळ नव्हतं. तो म्हणाला, "पोर आमच्या घरची आहे. मी घेऊन जाणार." पौर्णिमेच्या दरबारात निकाल व्हायचा होता.

तेव्हापासून बुरडिणीचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. सोनकी अंगणात खेळायला गेली तरी ही काम टाकून दारात उभी राही. तिने एका मुखत्याराच्या काठीला आपल्या पदराचा दोरा बांधला. पण तो मुखत्यार आळशी निघाला. कधी गेलं तरी म्हणे, "उद्या ये." एकदा त्याने जांभई देत विचारलं, "तुझा मुलगा केवढा आहे गं?"

"मुलगी आहे हो, दादा."

"तेच ते," तो म्हणाला.

बुरडीण घरी येऊन रडत बसली. शेजारीण म्हणाली, "अगं, रडत काय बसलीस? सभेकडे जा. ती माणसं चांगली आहेत."

आणि खरंच ती माणसं चांगली होती. त्यांनी तिला बसायला घोंगडी दिली, पाणी दिलं. म्हाताऱ्या सभापतींनी तिचं सगळं म्हणणं मधे न बोलता ऐकून घेतलं. मग त्या मुखत्याराला बोलावलं आणि म्हणाले, "चौकशी संपेपर्यंत तुझी काठी इथे खुंटीवर राहील. तिला हात लावायचा नाही."

बुरडीण घरी आली ती हसतच. त्या दिवशी तिने सोनकीला गुळाचा शिरा करून घातला.

दुसऱ्या दिवशी ती नव्या मुखत्याराकडे गेली. त्याने विचारलं, "बाई, तुझा दोरा कुठे आहे?"

"सभेच्या खुंटीवर, त्या काठीला."

"मग मला तुझ्या कामात पडता येत नाही. उद्या माझीही काठी तिथेच लटकेल."

ती धावत सभेकडे गेली. "बाबा, तेवढा दोरा सोडा."

सभापती हळहळले. "मुली, ज्याची काठी, त्यानेच सोडायचा."

"मग त्याला सोडू द्या."

"चौकशी चालू असताना त्याने काठीला हात कसा लावायचा?"

"मग चौकशी लवकर उरका!"

"घाईने उरकली तर त्याच्यावर अन्याय होईल."

"मग माझी तक्रारच नको. मागे घेते मी."

"तेही चालत नाही. नाहीतर मुखत्यार लोकांना धमकावून तक्रारी मागे घ्यायला लावतील."

एक सभासद म्हणाला, "बाईचं म्हणणं खरं आहे. या नियमाचा विचार व्हायला हवा." सगळ्यांनी माना हलवल्या. विचार पुढच्या बैठकीत करायचं ठरलं. पुढची बैठक पौर्णिमेनंतर होती.

पौर्णिमेला दरबार भरला. दिराचा मुखत्यार छान बोलला. मग राजाने विचारलं, "आईच्या बाजूने कोण?"

कोणीच उठलं नाही. सोनकीने आईचा पदर ओढला. "आई, तू बोल ना गं!"

बुरडीण ओरडली, "माझी पोर आहे हो ती!" पण मुखत्याराशिवाय कोणाचं ऐकायचं नाही, हा राजाचाच नियम. राजाने मान खाली घातली. पोर दिराच्या गाडीत बसली. तिच्या मुठीतला आईचा पदर शिपायाने सोडवला, अगदी हळू, पोरीला लागू नये म्हणून.

पुढे सभेची चौकशी संपली. मुखत्यार दोषी ठरला, त्याची काठी सर्वांसमोर मोडली. सभापतींनी तो दोरा ताटात ठेवून बुरडिणीला दिला. "मुली, सभेने तुला न्याय दिला."

"आणि माझी सोनकी?"

"तो दरबाराचा विषय. आमचं काम फक्त मुखत्यारांपुरतं."

बुरडिणीने दोरा घेतला. घरी येऊन ती पोरीच्या हातात मावतील एवढ्याच टोपल्या विणत राहिली. त्या कोणाला विकल्या नाहीत, आणि भरायला घरात कोणी नव्हतं.

ही गोष्ट गावोगाव पसरली. त्यानंतर सभेकडे तक्रार घेऊन कोणी फिरकलं नाही. आळशी मुखत्यार आणखी आळशी झाले, आणि आयाबाया गप्प राहिल्या. रिकाम्या खुंट्या बघून सभेला वाटलं, आपले मुखत्यार आता निर्दोष झाले. सभेने त्या आनंदात पेढे वाटले.

तात्पर्य: चुकणाऱ्याला शिक्षा झाली तरी ज्याचं हिरावलं गेलं त्याला ते वेळेवर परत मिळालं नाही, तर तो न्याय नव्हे.