तरंगत्या राज्याच्या तीन पायऱ्या

एक होता राजा. त्याचं राज्य पाण्यावर तरंगायचं. समुद्राकाठी नव्हे, बरं का, अगदी समुद्रावर, भोपळ्यासारखं. लाट आली की राज्य डुलायचं. म्हणून तिथे सगळं बांधलेलं असायचं. हंडे खांबाला बांधलेले, गाई दोन-दोन दाव्यांनी बांधलेल्या, राजा सिंहासनाला बांधलेला. मुकुटालासुद्धा हनुवटीखाली नाडी. जग असंच असतं, असं सगळ्यांना वाटायचं. दोर वळणारा गोमाजी तर म्हणायचा, "देवानं माणसाला कंबर दिली ती कशाला? दोर बांधायला!"

राजाला एक तान्ही मुलगी होती, चंपी. तिचा पाळणा रोज भिंतीवर आपटायचा. त्यामुळे बिचारी जन्मापासून कधी सलग झोपली नव्हती. ती नाही, म्हणून राजाही नाही. आणि झोप न झालेला राजा राज्य कसं करतो? कारभारी सांगतील तसं.

कारभारी होते त्र्यंबकपंत. घाटाच्या तीन पायऱ्या पाण्याबाहेर होत्या. पंत रोज सकाळी त्या मोजायचे आणि जाहीर करायचे, "तीन!" या कामाला त्यांच्या हाताखाली चार माणसं होती.

एकदा काय झालं, लांबचा एक मुलूख पाण्याखाली गेला. तिथून एक होडी आली. होडीत माणसं, आणि घरटी एक पाटा-वरवंटा.

"हे धोंडे कशाला आणलेत?" पंतांनी विचारलं.

येसाई नावाची म्हातारी म्हणाली, "मग चटणी काय तुमच्या टाळक्यावर वाटू, दादा?"

राजाला हसू आलं. त्याने सगळ्यांना उतरवून घेतलं. राज्य जरा खाली बसलं. एक पायरी बुडाली.

मग दुसरी होडी आली. त्यात पाथरवट होते, जाती आणि उखळं घेऊन. तेही उतरले. दुसरी पायरी बुडाली.

आता कुरकुर सुरू झाली. काठावरची नारळाची रोपं खाऱ्या पाण्यात गेली, हे खरं होतं. विहिरीवर रांगा लागल्या, हेही खरं. पाथरवट आळशी आहेत, अशी एक तक्रार. पाथरवट आमची सगळी कामं करून टाकतात, अशी दुसरी. दोन्ही तक्रारी एकच गृहस्थ करायचे, बरं का. गोमाजीचे दोर तर खपेनासेच झाले. का, ते त्यालाही कळेना.

मग तिसरी होडी आली. त्यात उरलीसुरली माणसं होती, आणि त्यांच्यात बाळंतपणासाठी मागे राहिलेली येसाईची सून आणि तिचं वीस दिवसांचं बाळ.

पंत आडवे आले. "महाराज, एकच पायरी उरलीय. ही माणसं उतरली की राज्य बुडालं म्हणून समजा!"

येसाई राजाच्या पायाशी बसली. "राजा, माझा पाटा टाक समुद्रात. पण सुनेला घे रे."

"त्यासाठी अर्ज लागेल," पंत म्हणाले.

राजाचे डोळे झोपेने जड झाले होते. तो म्हणाला, "उद्या बघू." मग होडी तशीच पायरीला बांधून ठेवली.

संध्याकाळी वादळ आलं. राजा नेहमीसारखा धावला, चंपीला छातीशी धरायला. आणि पाहतो तर काय! लाटा येत होत्या, जात होत्या, पण राज्य हलत नव्हतं. माणसांनी, पाट्यांनी, जात्यांनी ते चांगलं जड झालं होतं. पाळणा भिंतीला लागत नव्हता. चंपी तोंडात अंगठा घालून गाढ झोपली होती. राजाने हळूच आपल्या कमरेचा दोर सोडला. तो पडला नाही.

मग त्याला बाहेरून रडणं ऐकू आलं. होडी पायरीवर आपटत होती आणि आतलं बाळ रडत होतं. अगदी चंपी रडायची तसं.

राजा अनवाणी धावला. गुडघाभर पाण्यात उतरला आणि त्याने हात पुढे केले. मागोमाग छत्री घेऊन पंत. "महाराज, शेवटची पायरी!"

"बुडू दे, पंत. वर नवी बांधू. आता पाथरवट आहेत आपल्याकडे."

मग तो येसाईच्या सुनेला म्हणाला, "ये बाई. सगळ्यांना घेऊन ये. फक्त पाय वाजवू नका. माझी लेक झोपलीय."

तिसरी पायरी बुडाली. राज्य बुडालं नाही. पाथरवटांनी वर चार पायऱ्या बांधल्या, तेव्हा पंतांचं काम एका पायरीने वाढलं. नारळ वरच्या अंगाला लावले. त्यातले दोन मेले, ते पंत अजून ऐकवतात. गोमाजी पंधरा दिवस रुसला. पण डुलायची सवय लागलेल्या पोरांना चैन पडेना. त्यांनी झोपाळे मागितले, आणि त्याला रुसायला वेळ उरला नाही.

आणि त्या वादळात बाळाला कुठे ठेवलं, ठाऊक आहे? चंपीच्याच पाळण्यात, पायाकडे. राजा खाली चटईवर आडवा झाला आणि चक्क घोरायला लागला. पुढे सगळे सुखाने नांदले.

चला, आता जरा सरका. धाकटीला जागा द्या. हं, अशी. मिटा डोळे.