कालपुरुषाकडे मागितलेला क्षण

कृतयुग सरून त्रेतायुगाची चाहूल लागली होती, त्या काळी पयोष्णीच्या तीरावर, कदंब आणि जांभळींच्या गर्द छायेत, प्रतिश्रव नामक तपोनिधी ऋषींचा आश्रम होता. हरिणे तेथे होमधेनूच्या अंगाला अंग घासून निजत. मुनिवर मात्र तीन मासांपासून दर्भशय्येला खिळले होते. आजच्या सूर्यास्ताबरोबर आपले आयुष्य संपणार, हे त्यांना ज्ञानदृष्टीने कळले होते आणि पत्नीला, सुनृतेला, त्यांनी ते स्वच्छ सांगितलेही होते. त्यांची तक्रार नव्हती. बारा वर्षे गुरुगृही राहिलेला पुत्र सत्यवाह आजच परतणार होता, त्याचे मुख तेवढे पाहावे, एवढीच आस उरली होती.

सूर्य कलला, तरी मुलाचा पत्ता नाही. सुनृतेचा जीव टांगणीला लागला. त्यातच सासऱ्यांची तिथी. स्वयंपाक सिद्ध, पण पानावर बसायला ब्राह्मण नाही. इतक्यात अंगणात एक श्यामवर्ण, तेजःपुंज विप्र येऊन उभा राहिला. त्याची सावली भूमीवर पडत नव्हती. सुनृतेने ओळखले. चराचराचा भक्षक साक्षात काल वेळेआधीच दाराशी येऊन ठेपला होता.

दुसरी कोणी असती तर हंबरडाच फोडती. हिने पाय धुवायला पाणी पुढे केले आणि हात जोडून म्हटले, "द्विजरूपधारी महाभागा, आज माझ्या श्वशुरांचे श्राद्ध आहे. पतीच्या वतीने मी आपणास आमंत्रण देते. क्षणः क्रियताम्!"

श्राद्धाला बोलावताना यजमानाने असा 'क्षण' मागायचा, ही रीत पुरातन. हातचे काम ठेवून आमच्या पानावर बसावे, एवढाच त्या शब्दाचा तेव्हा अर्थ. निर्दोष आमंत्रण नाकारणे हे पाप, आणि हा नियम घालून देणाराही कालच. स्वतःच्याच दाव्याने बांधला गेला बिचारा! "ॐ तथा," म्हणत तो आसनावर बसला.

बसलेला ब्राह्मण, 'तृप्त झालात का?' असे यजमानाने विचारल्यावाचून उठत नाही. सुनृतेचा डाव तोच होता. तिने उडदाचे वडे वाढले, खीर ओतली आणि तो प्रश्न मात्र ओठांआड ठेवला.

पयोष्णीचा प्रवाह थबकला. अग्नीची ज्वाला वाकली तशीच राहिली. सूर्य पश्चिमेच्या डोंगरावर टेकला तो टेकलाच. वाढणारी सुनृता तेवढी हिंडत-फिरत होती. ती हर्षाने कुंपणापाशी धावली, आणि तिच्या काळजाचे पाणी झाले. पैलतीरी सत्यवाह उभा होता. एक पाय पाण्यात, दुसरा उचललेला, तसाच निश्चल! ज्याच्यासाठी कालाला बसवले, त्याचीच वाट तिने अडवली होती.

विचारावे तर सूर्य बुडणार. न विचारावे तर पुत्र येणार नाही. ती पानाशी परतली. आतापर्यंत कपटाने वाढले, आता एक पळी तरी मनापासून वाढावी, असे तिला वाटले. खीर वाढून ती म्हणाली, "भगवन्, तृप्त झालात का?"

काल गहिवरला. "माते, ब्रह्मांडे गिळली, पण ती हिसकावून. पोट भरले का, असे मला आजवर कोणी पुसले नाही. तृप्तोऽस्मि! तुझा डाव मी बसतानाच ओळखला होता. वर माग."

"आयुष्य वाढवा म्हणून आपणास पुन्हा धर्मसंकटात घालणार नाही. माझ्या पानावर आपण जेवढा वेळ बसलात, तेवढा या बापलेकांना द्यावा."

"तथास्तु! तो अल्पाहून अल्प असेल, पण ज्याला लाभेल त्याला उणा वाटणार नाही. तुझ्या आमंत्रणाचेच नाव त्याला राहील."

सत्यवाह नदी ओलांडून धावत आला. पित्याने त्याचे मस्तक हुंगले. "आलास?"

"आलो, तात."

एवढेच बोलणे झाले. मग सूर्य मावळला आणि प्रतिश्रवांनी हसतमुखाने देह ठेवला. सुनृता रडली, पण मनात सल राहिला नाही.

तेव्हापासून कालाच्या त्या चिमुकल्या अंशाला क्षण म्हणतात. विसावा आणि उत्सव हे अर्थही त्याला तेथूनच जडले. पंडित त्याची मापे सांगतात, ती एकाची दुसऱ्याशी जुळत नाहीत. सुनृतेला पुढे कोणी विचारले, की तो क्षण होता तरी केवढा, तर ती म्हणे, "पुरेसा."