धाकटी सरळ बसली तेव्हा

फार वर्षं झाली. डोंगरावरच्या एका दुर्बिणीत एक थोरली आरशी राहायची. जाडजूड, जागची केसभरही न हलणारी, आणि त्याचाच तोरा मिरवणारी. म्हणजे तुमच्या-आमच्यासारखीच.

चित्रं आणखी स्वच्छ यावीत म्हणून तिच्यापुढे एक धाकटी आणून बसवली, पापडासारखी पातळ. ताऱ्यांचा प्रकाश थोरलीवरून तिच्याकडे यायचा. हवेनं तो जिकडे वाकवला असेल, त्याच्या बरोबर उलट धाकटी वाकायची, सेकंदाला हजार वेळा, आणि प्रकाश सरळ करून पुढे द्यायची.

थोरलीला दिसायची फक्त वळवळ. “अगं, अंगात आलंय का तुझ्या? चांगल्या घरच्या आरशा अशा मुरडत नाहीत हो!”

“चुकलं, जाऊबाई,” धाकटी ओशाळून म्हणायची.

एका संध्याकाळी दुर्बिणीवरच्या वसुधाताई लगबगीनं आल्या. एक छोटा तारा आजच्या रात्रीनंतर मोठ्याच्या आड जाणार होता, तो पुन्हा दिसणार साठ वर्षांनी. त्याच्या एका फोटोसाठी बाईंनी एकोणीस वर्षं वाट पाहिली होती.

“आज तरी नीट बस,” थोरलीनं दटावलं. धाकटी श्वास रोखून ताठ बसली.

पडद्यावर दोन ताऱ्यांचा मिळून एकच फिसकटलेला गोळा आला. वसुधाताईंनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. तोवर तारे समोरच्या डोंगराआड उतरले.

“गेला,” त्या हळूच म्हणाल्या.

ती वळवळ कशासाठी होती, ते थोरलीला आत्ता उमगलं.

“जाऊबाई,” धाकटीनं हौसेनं विचारलं, “आज नाही ना हलले मी?”

“नाही गं,” थोरली म्हणाली.